आपल्याच माणसांत दिलेली पिल्लं

पहाटेचे पाच पन्नास. जबलपुरात मदन महलच्या मागच्या बाजूच्या एका बैठ्या घरात अनसूयाबाई खांडवेकर जमिनीवर बसून दाराच्या चौकटीला वाळ्याचं अत्तर लावत आहेत. दोन्ही बाजूंना एकेक थेंब, जमिनीपासून साधारण दीड हातावर. दीड हात म्हणजे लॅब्रॅडॉर कुत्र्याच्या नाकाची उंची. वाळ्याचा वास आला की तिथे दार आहे, आणि पायाला काथ्याची चटई लागली की पुढे पायरी आहे, एवढं या घरातली तीन कुत्री शिकली आहेत. तिन्ही आंधळी आहेत.

नोव्हेंबर संपत आला आहे, उजाडायला अजून वेळ आहे. अंगणातला दिवा अनसूयाबाई स्वतःपुरता लावतात. अत्तर झालं की त्या डाव्या पायात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक घुंगरू बांधतात आणि स्वयंपाकघराकडे निघतात. त्या आवाजामागून सखू, बंडू आणि गंगू ओळीने चालू लागतात. चौथी कुत्री शेवंती ओळीत नसते. ती दोन वर्षांची आहे आणि तिला दिसतं. ती आधीच जाऊन ताटल्यांपाशी बसलेली असते.

सून दीपा ओट्यापाशी चहा करत होती. मुलगा तनय रेल्वेत आहे, इटारसीला असतो. घरात या दोघीच.

"आई, काल शेजारचे तिवारीजी विचारून राहिले होते, तुमच्याकडे कथकचे क्लास सुरू झाले काय म्हणून."

"मग काय सांगितलं?"

"म्हटलं, हो ना. तीन शिष्य आहेत. फीस देत नाहीत."

अनसूयाबाई हसल्या नाहीत, पण पाय एकदा उगाच आपटून घुंगरू वाजवलं.

"मेघनाला आज सांगायचं आहे ना?" दीपानं विचारलं.

"सहापर्यंत."

"ठरलं काय?"

"नाही."

ठरवायचं होतं ते शेवंतीचं. पुढच्या महिन्यात ती माजावर येईल. तेव्हा तिला नागपूरच्या एका नराकडे नेऊन एक वेत घ्यायचं, किंवा त्याआधीच तिची नसबंदी करायची. पशुवैद्य डॉ. मेघना शनिवारी शस्त्रक्रिया करतात. उद्याचा पहिला क्रमांक त्यांनी शेवंतीसाठी धरून ठेवला होता, आज संध्याकाळी सहापर्यंत. अनसूयाबाईंनी बावीस वर्षं सांभाळलेल्या घराण्यातली शेवंती ही त्यांच्या हातातली वेत घेण्याजोगी शेवटची मादी. नागपूरला गेली तर घराणं चालेल. दवाखान्यात गेली तर संपेल.

अनसूयाबाई सदुसष्ट वर्षांच्या आहेत. सासरची माणसं मराठ्यांच्या चाकरीत इकडे आली आणि परत गेली नाहीत. पुढच्या पिढ्यांनी सरकारी नोकऱ्या धरल्या. अनसूयाबाई संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागात होत्या. समोर येणारा सुटा भाग मापात घालून बघायचा. बसला तर पुढे, नाही बसला तर बाजूच्या लाल पेटीत. त्यात रदबदली चालत नसे. एकदा एका अधिकाऱ्यानं "मॅडम, उन्नीस-बीस का फर्क है" असं म्हटल्यावर त्यांनी "इथे एकोणीस आणि वीस हे दोन वेगळे आकडे आहेत" असं उत्तर दिलं होतं. ही गोष्ट त्यांचे दिवंगत पती रत्नाकर लोकांना सांगत, आणि सांगताना दर वेळी अधिकाऱ्याचा हुद्दा एकेक पायरी वर चढवत.

मैना ही घराण्याची पहिली कुत्री. छावणीतल्या एका अधिकाऱ्याची बदली झाली, तेव्हा तो तिला यांच्याकडे देऊन गेला. पिवळसर, रुंद डोक्याची, शांत. तिला पिल्लं व्हावीत असं रत्नाकर यांना वाटत होतं. अनसूयाबाईंनी आधी चौकशी केली, दोन जुन्या पशुवैद्यांना भेटल्या, आणि मगच हो म्हटलं. तेव्हा शहरात पिल्लांचा धंदा नुकताच वाढू लागला होता. पिंजऱ्यात ठेवलेल्या माद्या, दर माजाला वेत, डोळे नीट उघडले नाहीत तोच विकलेली पिल्लं, असं सगळं त्यांनी एका ठिकाणी जाऊन पाहिलं. घरी येऊन रत्नाकर यांना म्हणाल्या, "आपण केलं तर असं नाही करायचं."

त्यांनी केलं ते खरोखर तसं नव्हतं. मादी दोन वर्षांची झाल्याशिवाय त्या तिला नराकडे नेत नसत. एका वेतानंतर पुढचा माज सोडून देत, आणि एका मादीची तीन वेतं झाली की तिथे थांबत. पिल्लू दोन महिने आईपाशी राही. पिल्लाचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत, नारळ घेत. पिल्लू मागणाऱ्याच्या घरी आधी त्या स्वतः जात. दुपारी घरात कोण असतं, गच्चीला कठडा आहे का, साखळी कुठे टांगली आहे, हे बघत. साखळी नवी आणि जाड दिसली तर चहा पिऊन परत येत आणि पिल्लू देत नसत. पिल्लू निघताना त्याच्या आईच्या गोधडीची एक पट्टी फाडून सोबत देत, म्हणजे नव्या घरातली पहिली रात्र रडण्यात जाऊ नये. आणि दारातून निघताना प्रत्येकाला एक वाक्य सांगत: "काही झालं, कधीही झालं, तरी परत माझ्याकडेच आणायचं. रस्त्यावर नाही, दुसऱ्याला नाही. मी कारण विचारणार नाही."

याखेरीज त्यांचा एक नियम होता, ज्याला त्यांनी कधी नियम म्हटलं नाही. पिल्लं ओळखीतच द्यायची. ओळखीतली म्हणजे जबलपूरची मराठी घरं. हळदीकुंकवाला, गणपतीला, मंडळाच्या कार्यक्रमाला ज्यांच्याकडे जाणं-येणं आहे ती. "आपल्याच माणसांत दिलं की डोळ्यांसमोर राहतं," त्या म्हणत. ते खरंही होतं. मैनेचं एकही पिल्लू साखळीला बांधलेलं राहिलं नाही, एकही विकलं गेलं नाही. संक्रांतीला वाण द्यायला गेलं की त्या घरातलं कुत्रंही बघून होई.

पुढे ही पिल्लं मोठी झाली. नर हवा असला की तोही ओळखीतलाच बघितला जाई. अनोळखी माणसाच्या नराचं काय सांगावं. नराच्या घरी वेतातलं एक पिल्लू द्यायचं, ही रीत पडली. ते पिल्लूही ओळखीतच वाढे. नागपूरकडच्या एका माणसानं एकदा चांगला नर देऊ केला होता. त्याचं घर पाहिलेलं नव्हतं म्हणून अनसूयाबाईंनी नाही म्हटलं.

मैनेच्या घराण्याच्या डोळ्यांचं लोक कौतुक करत. संध्याकाळी फोटो काढला की डोळे दिव्यासारखे चमकत. "खांडवेकरांची कुत्री डोळ्यांवरून ओळखू येतात," असं मंडळात बोललं जाई. अनसूयाबाईंना ते आवडत असे.

बंडू परत आला त्याला आता दीड वर्ष होईल. रेल्वेतल्या एका कुटुंबाकडे तो पाच वर्षं होता. संध्याकाळी खाटेला धडकायचा, त्यांना वाटलं मस्ती करतो. मग अंगणात जायला तयार होईना, त्यांना वाटलं हट्टी झाला. शेवटी भर दुपारी पाण्याच्या टाकीवर आपटला, तेव्हा त्यांनी त्याला अनसूयाबाईंकडे आणलं. अनसूयाबाईंनी कारण विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याला डॉ. मेघनाकडे नेलं.

मेघना तिशीतल्या आहेत. वडील मराठी, शिक्षण सगळं हिंदी-इंग्रजीत; मराठी समजतं, बोलताना घसरतं. त्यांनी दिवा बंद करून बंडूच्या डोळ्यांत बॅटरीचा प्रकाश टाकला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"काकू, याचे डोळे खूप चमकतात."

"आमच्या सगळ्यांचेच चमकतात."

"वो अच्छी बात नहीं है, काकू. आतला पडदा पातळ झाला की मागची चमक जास्त दिसते. पहिले रात्रीचं दिसणं जातं, मग दिवसाचं. दुखत नाही. पण थांबत पण नाही. आणि हे चार-पाच वर्षांचं होईतोवर समजतच नाही."

मग त्यांनी विचारलं, बंडूचे आईवडील कोण. अनसूयाबाईंना सगळं तोंडपाठ होतं. त्यांनी अभिमानानंच सांगायला सुरुवात केली. आई जाई, मुजुमदारांकडची. जाईची आई चिमी, चिमीची आई मैना. वडील सरदार, सरदारची आई ठकी, ठकीची आई मैना. सरदारचे वडील चिमीचा सख्खा भाऊ, म्हणजे त्याचीही आई मैना. जाईचे वडील, तेही...

तिथे त्या थांबल्या. टेबलावर बंडू उभा होता आणि आवाज कुठून येत होते ते कान फिरवून शोधत होता.

दोष मैनेतून आला होता. मैनेला स्वतःला त्याचा काही त्रास नव्हता, कारण डोळ्याच्या त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी तिची एकच खराब होती आणि दुसरी चांगली. अशा कुत्र्याला वाहक म्हणतात. वाहकाला आयुष्यभर नीट दिसतं. पण दोन वाहक एकत्र आले की काही पिल्लांच्या वाट्याला दोन्हीकडून खराब प्रत येते, आणि ती पिल्लं मोठी होऊन आंधळी होतात. बाहेरचं रक्त आलं असतं तर हे बहुधा कधी उघडकीलाही आलं नसतं. ओळखीच्या घरांनी ते आत राखलं.

तनयच्या लग्नाच्या वेळी अनसूयाबाईंनी एक चांगलं स्थळ सगोत्र निघालं म्हणून नाकारलं होतं. ही गोष्ट दीपालाही माहीत आहे. मेघनाकडून आल्यावर सासूनं सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आई, माझं गोत्र तर तुम्ही तीनदा विचारलं होतं."

"तुझं विचारलं," अनसूयाबाई म्हणाल्या.

बंडूनंतर सखू आली, नंतर गंगू. मागच्या वर्षी शेवंतीच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीवर नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवला. ती वाहक निघाली. तिला स्वतःला काही होणार नाही.

मेघनांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की घराणं बंद करणं हाच एक मार्ग नाही. नागपूरला एक नर आहे, तपासलेला, स्वच्छ, या घराण्याशी काही संबंध नसलेला. त्याच्यापासून शेवंतीला झालेलं एकही पिल्लू आंधळं होणार नाही. निम्मी वाहक होतील, निम्मी स्वच्छ. सगळी तपासायची, वाहकांची पुढे जोडी लावायची नाही. "लेकिन काकू, पिल्लू दिल्यावर ते घर तुमचं ऐकणार का, ये आप देखो," त्या म्हणाल्या. "आणि जी कुत्री आत्ता बाहेर आहेत त्यांची पण तपासणी पाहिजे. नाहीतर एक बाजूला तुम्ही साफ करणार, दुसऱ्या बाजूला तेच चालू राहणार."

म्हणून या दिवाळीत फराळाला जाताना अनसूयाबाईंच्या पिशवीत चकलीच्या डब्यासोबत कापसाच्या काड्या होत्या. त्या नऊ घरी गेल्या. दोन घरांनी नमुना घेऊ दिला. बाकीच्यांनी फराळ दिला.

बँकेत असलेल्या अतुल केकरेंनी बैठकीत सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, फराळाला आल्या का थुंकी गोळा करायला?" त्यांची बायको हसली. अनसूयाबाईंनी शांतपणे समजावलं. अतुलनी ऐकून घेतलं, मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "पाहा काकू, आमचा राजा चार वर्षांचा आहे, फर्स्ट क्लास दिसते त्याला. उद्या तपासणीत काही निघालं, तर मंडळात काय पसरेल? केकरेंच्या घरात दोष आहे. लोक कुत्र्याचं म्हणतात का घराचं, कोण विचारते? घरात लग्नाची बहीण आहे माझ्या."

"कुत्र्याच्या डोळ्याचा आणि बहिणीच्या लग्नाचा काय संबंध, अतुल?"

"काही नाही ना. म्हणूनच म्हणून राहिलो, कशाला जोडायचा."

राजा मैनेच्या घराण्यातला आहे. ही भेट झाली तेव्हा अतुलनी त्याची जोडी आधीच लावलेली होती, राईट टाउनच्या प्रतिमा सप्रेंच्या मादीशी. तीही मैनेच्या घराण्यातली. दिवाळीनंतर दहा दिवसांनी प्रतिमाताईंकडे सात पिल्लं झाली. अनसूयाबाई बघायला गेल्या. पिल्लं गुबगुबीत होती. त्यांनी विनंती केली की निदान पिल्लं तपासू द्या. प्रतिमाताईंना वाईट वाटलं. त्या अनसूयाबाईंना मोठ्या बहिणीसारखं मानतात.

"ताई, सगळी बोलली गेली आहेत. मी काय परक्यांना देऊन राहिली काय? एकेक घर तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच तर शिकवलं आम्हाला, आपल्याच माणसांत द्यायचं."

अनसूयाबाईंनी सात पिल्लांना एकेकदा हातात घेतलं आणि खाली ठेवलं. त्या वयात काहीच दिसत नाही. काडी लावू दिली नाही तर दोष चार वर्षांनी समोर येतो, आणि तोवर त्या कुत्र्याचं वेतही होऊन गेलेलं असतं. कारखान्यात असं माप कधी त्यांच्या हातात आलं नव्हतं.

मैनेच्या एकाच पिल्लाला त्यांनी ओळखीबाहेर दिलं होतं, तेही मनाविरुद्ध. रत्नाकर यांच्या हट्टापायी एक नर बरगीला गेला, धरणाजवळच्या गावात, मासेमारी करणाऱ्या एका कुटुंबाकडे. त्या घराला गच्ची नव्हती, कठडा नव्हता, कुंपणही नव्हतं. अनसूयाबाईंनी ते पिल्लू हातचं गेलं असंच धरलं होतं. तो कुत्रा बारा वर्षं जगला. गेल्या महिन्यात त्या मुद्दाम बरगीला जाऊन आल्या. कुत्रा आता नव्हता, पण गावातल्या माद्यांपासून झालेली त्याची नातवंडं-पतवंडं होती: कुणाचं डोकं रुंद, कुणाची शेपटी जाड, बाकी सगळी गावठी. दिवस मावळल्यावर होड्या काठाला लागत होत्या आणि ती कुत्री अंधारात होड्यांच्या दोऱ्यांवरून उड्या मारत माशांच्या टोपल्यांकडे धावत होती. एकही अडखळलं नाही. अनसूयाबाई परतीची शेवटची बस चुकेल इतका वेळ तिथे उभ्या होत्या. दीपाला त्यांनी एवढंच सांगितलं, की सगळ्यांना दिसतं.

तरीही त्यांचं ठरत नव्हतं. शेवंतीचं एक वेत. सगळी पिल्लं तपासलेली. ज्यांनी नमुना दिला त्या दोन घरांना आणि मग अनोळखी पण चांगल्या घरांना द्यायची. चूक सुधारून घराणं पुढे नेता येतं, आणि तो मार्ग शास्त्राला धरून होता. आज सकाळी आंधळ्या तिघांच्या ताटल्या धुताना त्या दीपाला म्हणाल्या, "एकदा नीट करून दाखवावं, असं वाटतं."

"कोणाला दाखवायचं, आई?"

अनसूयाबाईंनी ताटली पालथी घातली.

दुपारी साडेचारला दारात ऑटो थांबली. कमानिया गेटजवळ राहणारे बापूसाहेब मुजुमदार उतरले. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, कॉलेजात इतिहास शिकवायचे. बंडूची आई जाई त्यांच्याकडचीच. जाई गेल्यावर त्यांनी तिच्याच रक्ताचा दिवाण नेला, त्याला आता सहा वर्षं झाली. दिवाण ऑटोतून उतरेना. त्याला खाली जमीन किती खोल आहे ते कळत नव्हतं. ऑटोवाल्यानं "अरे उतर जा भैया, घर आ गया" म्हणून ढकलायला हात लावला, तेव्हा अनसूयाबाईंनी त्याला थांबवलं. त्या ऑटोच्या पायरीपाशी बसल्या, तळहातानं जमिनीवर थापट्या मारल्या. आवाज किती खाली आहे ते दिवाणनं ऐकलं, आणि मग पाय टाकला.

बापूसाहेबांनी त्याची ताटली, पट्टा आणि ब्रश पिशवीतून काढून ओट्यावर ठेवले.

"सुनेला होत नाही हो आता. दोनदा टीपॉय पाडला. रात्री भिंतीला नाक लावून उभा राहतो, जणू ती उघडणार आहे. मी उठून फिरवतो त्याला, पण मलाच रात्री नीट दिसत नाही." ते जरा हसले. "आंधळ्यामागे आंधळा. तुम्ही म्हणाला होता, कधीही आणा."

"म्हणाले होते."

दीपानं चहा आणला. दिवाण खोलीच्या मधोमध उभा होता. सखू आणि गंगू त्याला हुंगून आपापल्या जागी जाऊन बसल्या. शेवंती त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून समोर पुढचे पाय पसरून वाकली, खेळायला ये म्हणून. त्याला ते दिसलं नाही. तिनं थोडी वाट पाहिली आणि उठून बाजूला झाली.

बापूसाहेबांनी ते बघितलं. "ही शेवंती ना? छान झाली. कधी लावताय हिला?"

अनसूयाबाईंनी कप खाली ठेवला.

"एक आमच्यासाठी ठेवा," बापूसाहेब म्हणाले. "सून म्हणते, लहान पिल्लू असेल तर ती करेल. घर सुनं वाटतं हो, अठरा-वीस वर्षं कुत्र्याची सवय. यावेळी मात्र चांगलं निवडून द्या."

"बापूसाहेब, दिवाण आंधळा झाला तो माझ्यामुळे. मी त्याच त्याच घरांत जोड्या लावत राहिले. हे रोगानं नाही झालं, म्हातारपणानं नाही. मी केलं."

"छे छे. काहून असं मनाला लावून घेऊन राहिल्या तुम्ही? नशीब असतं एकेकाचं."

"नशीब नाही. दिवाळीला आले होते तेव्हा तुम्हाला सगळं सांगितलं होतं. तुम्ही काडी लावू दिली नाही."

"आता या वयात कुत्र्याच्या तोंडात काय काड्या घालायच्या? आणि मला त्या तपासण्या-बिपासण्या नकोत. तुमचा शब्द आहे ना, तो पुरे. तुमच्या घरातलं म्हणजे डोळे झाकून."

डोळे झाकून, हे त्यांनी काही मनात धरून म्हटलं नव्हतं. पस्तीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी अनसूयाबाईंवर एकदाही अविश्वास दाखवला नव्हता, आणि आत्ताही दाखवत नव्हते. निघताना त्यांनी दिवाणच्या डोक्यावर हात ठेवला. "आता तुझ्या माहेरी आलास हो," म्हणाले, आणि ऑटोत बसले. दिवाण ऑटोच्या आवाजामागून फाटकापर्यंत गेला, फाटकाला नाक लावलं आणि तसाच उभा राहिला.

अनसूयाबाई आत आल्या.

"काय झालं, आई?" दीपानं विचारलं.

"ते पुन्हा माझ्याच शब्दावर नेतील. मी तपासणीचा कागद हातात दिला तरी वाचणार नाहीत. आणि चार वर्षांनी केकरेंच्या नाहीतर सप्रेंच्या कुत्र्याशी जोडी लावतील. का? तर खांडवेकरांकडचं आहे."

"मग त्यांना नका देऊ ना. नव्या लोकांना द्या. नव्यांवर तुमच्या नावाचं ओझं नाही."

"नमुना दिलेल्या त्या दोन घरांचं काय? ती तर याच रांगेतली आहेत. आणि नवे लोक चार वर्षांत नवे राहतात का? ये-जा सुरू होते, मंडळात येतात, घरचेच होतात. मी माणसांना ओळखायला एवढी वर्षं लावली, दीपा. आता मला ओळखतात हीच अडचण होऊन बसली आहे."

दीपानं घड्याळ बघितलं. मग म्हणाली, "सहा वाजायला दहा मिनिटं आहेत."

अनसूयाबाईंनी फोन लावला. पलीकडून मेघना म्हणाल्या, "बोला काकू, नागपूर?"

"नाही. उद्याचा पहिला नंबर शेवंतीचाच ठेवा."

"पक्का? काकू, नागपूरवाला नर चांगला आहे. शास्त्राच्या हिशेबानं काही चूक नाही त्याच्यात. मी नंतर असं नको की तुम्हाला वाटेल..."

"नराची चूक नाही, शेवंतीची नाही. पिल्लं जिथे जातील तिथलं माझं कोणी ऐकणार नाही. मी ज्याची हमी देऊ शकत नाही ते द्यायचं नाही, एवढंच."

"अच्छा. चलो, ठीक है. आज रात्री आठनंतर तिला खायला नाही द्यायचं. पाणी चालेल."

फोन ठेवून त्यांनी कोनाड्यातून गोधडी काढली. मैनेपासूनच्या प्रत्येक मादीनं तिच्यावर पिल्लं घातली होती. पट्ट्या फाडून फाडून ती आता पोळपाटाएवढी उरली होती. पुढच्या वेतासाठी त्यांनी ती धुऊन ठेवली होती. त्यांनी ती घडी उलगडून फाटकापाशी नेली आणि दिवाणच्या नाकासमोर धरली. त्यानं हुंगली, पण फाटक सोडलं नाही. मग त्यांनी पायात घुंगरू बांधलं आणि फाटकापासून दारापर्यंत चालत गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या. चौथ्या की पाचव्या खेपेला दिवाण फाटकापासून वळला आणि आवाजामागून चालू लागला. चटई पायाला लागली तिथे थांबला नाही, पायरीवर अडखळून गुडघ्यावर पडला. अनसूयाबाईंनी त्याला उचललं नाही. तो उठेपर्यंत त्या चौकटीपाशी उभ्या राहिल्या, जिथे सकाळी अत्तर लावलं होतं तिथे.

गोधडी त्यांनी बंडू आणि सखूच्या मधल्या जागेत दिवाणसाठी अंथरली.

प्रतिमाताईंची सात पिल्लं डिसेंबरच्या अखेरीपासून घरोघरी जातील. त्यांतली किती आंधळी होतील ते आज कोणी सांगू शकत नाही. राजा आणि ती मादी दोघंही वाहक असतील तर चारात एक असा अंदाज धरतात. ते कळेल तेव्हा अनसूयाबाई बहात्तरीच्या आसपास असतील. त्या सातही घरी त्यांनी फोन करून सांगून ठेवलं आहे की पिल्लू त्यांच्याकडचं नसलं तरी, काही झालं तर, परत त्यांच्याकडे आणावं. सगळ्यांनी हो म्हटलं. दोघांनी, वर्षभरात शेवंतीचं वेत झालं तर आमच्या बहिणीसाठी एक ठेवा, असंही सांगितलं.

रात्री पावणेआठला शेवंतीची ताटली भरली. तिनं ती चाटून पुसून ठेवली आणि नेहमीप्रमाणे आणखी मिळेल म्हणून बसून राहिली. अनसूयाबाईंनी ताटली उचलून उंच फळीवर ठेवली, म्हणजे सकाळी सवयीनं दीपाचा हात जाऊ नये.

उद्या सकाळी साडेसहाला चार ताटल्या भरायच्या: बंडू, सखू, गंगू, दिवाण. शेवंतीला फक्त पाणी. दवाखाना साडेनऊला उघडतो.